काटेबाई आणि प्लायवूडचं विमान

काटेबाईंचं आडनाव काटे नव्हतं. विमानदुरुस्तीच्या कारखान्यात त्यांनी अडतीस वर्षं तबकड्या दुरुस्त केल्या. उंचीची तबकडी, वेगाची तबकडी, विमान कललंय की सरळ आहे ते सांगणारी तबकडी. त्यांतल्या काट्यांवरून कारखान्यात कुणीतरी हे नाव पाडलं. जिभेवरूनही पाडलं असेल. दोन्ही कारणं सारखीच पटण्याजोगी होती, म्हणून कुणी खोलात गेलं नाही.

बाईंना माणसं फारशी पसंत नव्हती. वैमानिक म्हणजे त्यांच्या लेखी टोपी घातलेला ड्रायव्हर. इंजिनवाले म्हणजे हातोडीवाले. इंजिन बिघडलं की ठणाणा करतं, बहिऱ्यालाही कळतं. तबकडी मात्र बिघडली तरी तोंड वर करून उभी असते आणि गुपचूप खोटं सांगते. ते पकडायला डोकं लागतं, असं त्यांचं म्हणणं. ते डोकं कारखान्यात आपल्याशिवाय कुणाला होतं, याचं उत्तर त्या द्यायच्या नाहीत, नुसत्या बघायच्या. निवृत्तीच्या समारंभात साहेबांनी त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. बाईंनी ते तिथेच कानाला लावलं, म्हणाल्या, “मिनिटाला दोन सेकंद मागे पडतंय,” आणि खाली बसल्या. भाषण संपलं.

एवढा सगळा तुच्छभाव एका माणसाला पेलणं अवघड. म्हणून की काय, त्यातला मोठा वाटा त्यांनी मेहुण्यासाठी राखून ठेवला होता.

मेहुणा म्हणजे धाकट्या बहिणीचा नवरा. दोघं नवराबायको त्याच इमारतीत, बाईंच्या खालच्या मजल्यावर राहत. पाणीपुरवठ्याच्या कचेरीतून निवृत्त झाल्यावर या गृहस्थाने मागच्या खोलीतून बायकोचं शिलाई मशीन बाहेर काढलं आणि तिथे विमान बांधायला घेतलं. प्लायवूडचं नाक, जुन्या मोटारीची सीट, समोर तीन पडदे, हातात चाक, पायाशी दोन पेडल, आणि हे सगळं चालवणारा कॉम्प्युटर सीटखाली घरघरत असायचा. त्यात बसून तो जगभर उडायचा. उडताना पांढरा शर्ट घालायचा, खांद्यावर सोनेरी चार पट्ट्या. पट्ट्या धाकटीने पडद्याच्या काठाच्या जरीतून शिवून दिल्या होत्या, हातशिलाईने, कारण मशीन माळ्यावर गेलं होतं.

एकदा दुपारी बाई डबा परत द्यायला खाली गेल्या, तर आतून आवाज आला, “प्रवाशांनी कृपया पट्टे बांधावेत. आपण वादळातून जाणार आहोत.”

बाईंनी दारातून डोकावलं. “प्रवासी कुठायत?”

मेहुणा दचकला. “ते... मागे, ताई.”

“मागे कपाट आहे.”

“मनाने धरायचं असतं ते.”

“कपाटाने पट्टा बांधला का बघा मग,” बाई म्हणाल्या आणि डबा ओट्यावर आपटून वर गेल्या.

असे आणखी नऊजण गावात होते. दाताचा डॉक्टर, रंगाचा दुकानदार, शाळेचा निवृत्त हेडमास्तर, असली मंडळी. त्यांचं मंडळ होतं, मंडळाला एका सभागृहाची वरची खोली होती, आणि त्या खोलीत मेहुण्याच्या विमानापेक्षा मोठं विमान होतं. एकमेकांना ते कॅप्टन म्हणायचे. अध्यक्ष फरशीचे घाऊक व्यापारी. त्यांना कॅप्टन कमी पडायचं म्हणून ते कमांडर. खऱ्या विमानात हे कमांडर एकदाच बसले होते आणि कान दुखतो म्हणून उतरेपर्यंत बायकोचा हात धरून होते, ही बातमी त्यांच्या बायकोनेच धाकटीला दिली होती. उथळ पाण्याला खळखळाट फार, असं बाई म्हणायच्या, आणि मग स्वतःच दुरुस्ती करायच्या: यांच्याकडे पाणीही नाही, नुसताच खळखळाट.

त्या वर्षी मंडळाला इतिहासाची आठवण झाली.

गावाच्या चौकात एका वैमानिकाचा अर्धपुतळा होता. पन्नास वर्षांपूर्वी हा वैमानिक बंदरावरच्या मैदानातून टपालाचं विमान घेऊन डोंगरापलीकडच्या गावाला निघाला आणि ढगात डोंगरावर आपटून गेला. शूर होता, देखणा होता, विमान कंपनीच्या मालकाचा जावई होता. शाळेतल्या मुलांना सांगायचे की टपालाच्या पिशव्या वाचवताना त्याने प्राण दिले. पिशव्याही जळाल्या होत्या, पण पुतळ्याखाली तेवढं लिहायला जागा नव्हती.

“येत्या महिन्यात पन्नास वर्षं होतात,” मेहुणा एका संध्याकाळी वर येऊन सांगू लागला. खुर्चीच्या कडेला बसला होता, अर्धा उठायच्या तयारीत. “मंडळ स्मृतिउड्डाण करणार आहे. कमांडर स्वतः तोच मार्ग उडवणार. डोंगरावर आल्यावर दोन मिनिटं शांतता, आणि मग पलीकडे उतरून अपुरा राहिलेला प्रवास पूर्ण करायचा. नगराध्यक्ष येणार आहेत. चौकशीच्या अहवालाची प्रत मिळवलीय आम्ही. तुम्ही त्या वेळी कारखान्यात होता ना, ताई? जरा तांत्रिक बाजू...”

बाईंच्या हातात कप होता. तो त्यांनी खाली ठेवला. “मी तेव्हा शिकाऊ होते,” त्या म्हणाल्या. “मला काही माहीत नाही.”

“हो, पण अहवालात—”

“माहीत नाही म्हटलं ना!”

मेहुणा उठला. जाताना अहवालाची प्रत मात्र टेबलावर विसरला, की मुद्दाम ठेवून गेला, कोण जाणे. त्याच्यात मुद्दाम काही करण्याइतकी हुशारी आहे हे बाईंनी तोवर कधीच मानलं नव्हतं.

झालं होतं ते असं.

बाई वीस वर्षांच्या होत्या. तबकड्यांच्या खोलीत थोरले मिस्त्री म्हणून एक बुटके, शांत गृहस्थ होते. बाईंना काम त्यांनी शिकवलं. बोटाला साय लागली असावी इतक्या हळू हाताने स्क्रू फिरवायचे. आयुष्यात बाईंनी ज्या एका माणसाला मान दिला तो हा. टपालाच्या विमानाची उंचीची तबकडी त्यांच्याकडे सफाईला आली होती. मिस्त्रींनी ती उघडली, साफ केली, जोडली, काचेच्या हंडीखाली ठेवली आणि पंपाने हंडीतली हवा ओढत ओढत, पाऱ्याच्या नळीशी एकेक हजार फूट ताडून पाहिले. आकडे ते सांगत होते, कागदावर बाई लिहीत होत्या. काटा केसभरही चुकला नाही. दोघांनी खाली सह्या केल्या.

दोन दिवसांनी विमान डोंगरावर आपटलं.

चौकशी बसली. सह्यांचा कागद फायलीत सापडेना. अपघातात चेपलेल्या तबकडीची नव्याने चाचणी घेता येईना. वैमानिक मेलेला आणि मालकाचा जावई. मिस्त्री जिवंत आणि कुणाचेच कोणी नाहीत. साक्षीच्या आदल्या दिवशी कारखान्याच्या साहेबांनी बाईंना खोलीत बोलावलं. रागावले नाहीत, खुर्ची दिली. म्हणाले, “तू दुपारी जेवायला जातेस ना? त्या दिवशीही गेली असशील. नीट आठव. पुढच्या महिन्यात शिकाऊंपैकी एकालाच कायम करायचंय.”

दुसऱ्या दिवशी चौकशीच्या टेबलापलीकडून विचारलं, “चाचणी झाली तेव्हा तुम्ही तिथे होता?”

“नाही,” बाई म्हणाल्या. “मी जेवायला गेले होते.”

थोरले मिस्त्री दाराजवळच्या बाकावर बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात तसं झालं. मिस्त्रींचा परवाना गेला. पुढे ते घरी भिंतीवरची घड्याळं आणि स्टोव्ह दुरुस्त करायचे. एकदा बाजारात समोरून येताना दिसले, तेव्हा बाईंनी रस्ता ओलांडला. अकरा वर्षांनी ते वारले. बाई तोवर त्यांच्याच खुर्चीवर बसत होत्या, आणि जगात कुणाची काही लायकी नाही हे त्यांचं मत एव्हाना पक्कं झालं होतं.

अहवाल टेबलावर चार दिवस पडून राहिला. पाचव्या दिवशी बाईंनी चष्मा लावला. मंडळाच्या लोकांनी पहिली दोन पानं वाचली होती, ते खुणांवरून दिसत होतं. वैमानिकाच्या शौर्याखाली लाल रेघा होत्या. सातव्या पानावर एक ओळ होती: शिकाऊ कामगार (स्त्री) जेवणाच्या सुटीवर असल्याने चाचणीस साक्षीदार नाही. पन्नास वर्षं काढली ती या एका ओळीवर, असं बाईंना वाटलं, आणि ओळ तर केवढीशी.

त्या वाचत गेल्या. शेवटच्या पानावर हवामानाचे आकडे होते. आणि त्याच्याखाली, ढिगाऱ्यात सापडलेल्या वस्तूंच्या यादीत, तबकडीबद्दल लिहिलं होतं: काच फुटलेली, काटा वाकलेला, खिडकीतला आकडा एक हजार सोळा.

बाई उठून उभ्या राहिल्या.

उंचीची तबकडी उंची मोजत नसते. ती हवेचा दाब मोजते आणि त्यावरून उंचीचा अंदाज सांगते. जमिनीवर आज दाब किती आहे, हे तिला माणसाने सांगावं लागतं. त्यासाठी तिच्या कोपऱ्यात एक नॉब असतो आणि एक इवलीशी खिडकी. बंदरावर त्या सकाळी दाब होता एक हजार सोळा. डोंगरापलीकडे वादळ आलेलं, तिथे एक हजार तीन. पलीकडच्या मैदानावरून रेडिओवर तो आकडा सांगितला होता, तेही अहवालातच होतं. वैमानिकाने नॉब फिरवायचा होता. दोन बोटांचं काम. त्याने ते केलं नाही, म्हणून तबकडी बत्तीसशे फूट दाखवत राहिली आणि विमान होतं अठ्ठावीसशे चाळीसवर. डोंगराचा माथा एकोणतीसशे.

नाचता येईना, अंगण वाकडं. पन्नास वर्षं हा पुरावा छापून पडला होता आणि कुणी शेवटचं पान उलटलं नव्हतं. चौकशीवाल्यांनी नाही, कमांडरने नाही. कमांडरची गोष्ट सोडा, त्याला चित्रं लागतात. पण बाईंना तबकडी कळत होती. त्यांनी अहवाल कधी हातातच घेतला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मेहुणा मंडळात गेला असताना त्या खाली गेल्या. धाकटीला म्हणाल्या, “तुझ्या नवऱ्याचं ते खोकं चालू कर.”

“मला येत नाही. आणि त्यांनी कुणी हात लावायचा नाही म्हणून—”

“मी विमानं उघडली आहेत. हे लाकूड आहे.”

लाकूड सोपं निघालं नाही. बाई पहिल्यांदा धावपट्टीवरून गवतात गेल्या. दुसऱ्यांदा समुद्रात. तिसऱ्यांदा उडाल्या आणि उलट्या झाल्या. टोपी घातलेले ड्रायव्हर आयुष्यभर हेच करत होते, हे बाईंनी मनातल्या मनातसुद्धा कबूल केलं नाही. फक्त सीट पुढे ओढून घेतली. सहाव्या वेळेला विमान सरळ वर चढत गेलं.

आणि मग एक गोष्ट झाली. बाईंनी आयुष्यभर तबकड्या पाहिल्या त्या सुट्या. टेबलावर, एकेक, पोट उघडलेल्या. इथे साऱ्या एकदम जिवंत होत्या. नाक वर केलं की वेगाचा काटा मागे यायचा, उंचीचा पुढे सरकायचा, आडवी रेघ खाली जायची, सगळ्या एकमेकींशी बोलत असल्यासारख्या. खाली खोटा समुद्र चमकत होता. बाईंच्या तोंडून “अगं बाई!” निघालं. दारात उभ्या असलेल्या धाकटीने ते ऐकलं आणि ऐकलं नाही असं दाखवलं.

त्यानंतर त्या रोज दुपारी उडायला लागल्या. पोरकटपणा आहे, असं रोज म्हणायच्या आणि रोज जायच्या. मेहुण्याला कळायला आठवडा लागला. मग सीटवर एक उशी ठेवलेली दिसली, बाईंच्या उंचीला लागेल एवढी. बाईंना फार राग आला. उशी त्यांनी वापरली.

शेवटी त्यांनी त्यालाच विचारलं, “हवामान घालता येतं का यात? दोन ठिकाणी दोन दाब?”

“येतं की. अहवालातले आकडे आहेत, पण कमांडर म्हणाले स्वच्छ ऊन ठेवा, फोटो चांगले येतात.”

“घाला ते आकडे.”

मेहुण्याने घातले. बाई बंदरावरून निघाल्या, ढगात शिरल्या, बत्तीसशेवर काटा धरला. नॉबला हात लावला नाही. पांढऱ्या पडद्यातून अचानक खडक आला आणि सगळं थांबलं. पुन्हा निघाल्या. या खेपेला डोंगराच्या अलीकडे त्यांनी नॉब फिरवला. काटा सरसर खाली आला, अठ्ठावीसशे चाळीसवर. त्यांनी चाक ओढलं, विमान कण्हत वर चढलं, आणि खालून ढगाच्या फटीतून माथा सरकत गेला. झाडंसुद्धा दिसली.

मेहुणा शेजारी उभा होता. हळूच म्हणाला, “ताई, त्या दिवशी तुम्ही जेवायला गेला होता?”

एवढ्या वर्षांत हा प्रश्न विचारणारा पहिला माणूस हा निघावा, जरीच्या पट्ट्या लावून कपाटाला विमानप्रवास घडवणारा! बाईंनी नॉब पुन्हा एक हजार सोळावर आणला.

“स्मृतिउड्डाणाला खरं हवामान घाला,” त्या म्हणाल्या. “करायचंच तर नीट करा.”

“कमांडर ओरडतील.”

“ओरडू देत.”

मेहुण्याने मान हलवली. घाबरला होता, तरी हलवली.

समारंभ सकाळी होता. वरच्या खोलीत साठ खुर्च्या, वैमानिकाचा मोठा फोटो, फोटोला हार. नगराध्यक्षांनी दहा मिनिटं आकाशावर भाषण केलं. अध्यक्ष पांढऱ्या गणवेशात आले, टोपीसकट. खोलीत ऊन लागायची काही सोय नव्हती, तरी काळा चष्मा. मेहुणा सहवैमानिकाच्या जागी. बाई तिसऱ्या रांगेत, कडेला.

विमान उडालं. मागच्या मोठ्या पडद्यावर सगळ्यांना दिसत होतं. ढग आले तसे अध्यक्ष जरा चुळबुळले, “आज वातावरण खरंच गंभीर आहे,” असं म्हणून त्यांनी वेळ मारून नेली. तबकडीवर बत्तीसशे. मेहुण्याने अहवालातला निरोप मोठ्याने वाचला, “मैदानावर दाब एक हजार तीन.”

“समजलं, समजलं,” अध्यक्ष म्हणाले आणि फोटोवाल्याकडे मान वळवून अंगठा दाखवला.

मेहुण्याने निरोप पुन्हा वाचला. अहवालात तो दोनदा दिला होता.

“अहो, समजलं म्हटलं ना!”

मग त्यांनी धीरगंभीर आवाजात सांगितलं की आता आपण त्या पवित्र स्थळावरून सुखरूप जाणार आहोत, सगळ्यांनी उभं राहावं. सगळे उभे राहिले. आणि पवित्र स्थळ समोरून आलं. ढुप् असा आवाज झाला, पडदा लाल झाला. नगराध्यक्ष श्रद्धांजलीसाठी मान खाली घालून उभे होते, त्यांना वाटलं असंच असतं.

अध्यक्ष व्यापारी माणूस. फुटलेली फरशीही त्यांनी नक्षीची म्हणून विकली असती. क्षणभर गडबडले, मग टोपी काढून लोकांकडे वळले. “मित्रहो! पाहिलंत? अगदी त्या दिवशीसारखं! वैमानिकाने काय करावं? यंत्राने दगा दिला! एका मिस्त्रीच्या निष्काळजीपणाने—”

“या यंत्राला कुठल्या मिस्त्रीचा हात लागला होता?”

सगळ्यांनी मागे पाहिलं. काटेबाई उभ्याच होत्या, इतर बसले तरी.

“ही तबकडी पडद्यावर काढलेली आहे,” त्या म्हणाल्या. “हिला कुणी उघडलं नाही, कुणी जोडलं नाही. हिच्यात चुकायला काही नाहीच. तरी तुम्ही आपटलात. दाब सांगितला होता, नॉब फिरवला नाहीत. त्यानेही फिरवला नव्हता. अहवालाच्या शेवटच्या पानावर लिहिलंय. वाचता येत असेल तर वाचा.”

अध्यक्षांचा चेहरा त्यांच्याच दुकानातल्या मालासारखा झाला, गुळगुळीत आणि थंड. “बाई, अहवालात असंही लिहिलंय की तबकडीची चाचणी झाल्याचं कुणी पाहिलेलं नाही.”

“मी पाहिलं होतं.”

“काय?”

“मी तिथे होते. आकडे मी लिहिले. काटा बरोबर होता. जेवायला गेले होते असं मी खोटं सांगितलं, नोकरीसाठी.”

खोलीत कुणीतरी खुर्ची सरकवली. पुढच्या रांगेत धाकटीने तोंडाला पदर लावला.

अध्यक्ष हसले. हसायचा हक्क त्या दिवशी त्यांना खरोखरच मिळाला. “म्हणजे पन्नास वर्षं खोटं बोललात, आणि आज म्हणता माझं खरं माना. वा! आणि वाचता येतं का म्हणून आम्हाला विचारता?”

बाईंनी तोंड उघडलं. अडतीस वर्षं त्यांनी कारखान्यात कुणाला शेवटचा शब्द मिळू दिला नव्हता. आज तो सापडेना. अध्यक्षांकडे त्यांनी ज्या नजरेने इतकी वर्षं पाहिलं, त्याच नजरेने खोलीतली साठ माणसं आता त्यांच्याकडे बघत होती, आणि नजर बरोबर होती.

“तांत्रिक अडचणीमुळे कार्यक्रम इथेच संपतो,” अध्यक्ष म्हणाले. “चहा घेऊन जा.”

लोकांनी चहा घेतला. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं की स्मृतिउड्डाण उत्साहात पार पडलं.

त्याच दिवशी बाई चष्म्याच्या दुकानात गेल्या. दुकान थोरल्या मिस्त्रींच्या मुलीचं होतं, हे त्यांना कायमच माहीत होतं. त्या चष्मा करायला दोन गावं सोडून जायच्या. मुलगी आता मुलगी कसली, छप्पन्न वर्षांची बाई. वडिलांसारखीच बुटकी, हात तसेच हळू. एका काडीचा स्क्रू बसवत होती.

“मी तुमच्या वडिलांकडे शिकाऊ होते,” बाई म्हणाल्या.

“ओळखते,” मुलगी म्हणाली. स्क्रू बसवून झाला तेव्हाच तिने वर पाहिलं. “बोला.”

बाईंनी सगळं सांगितलं. साहेबांची खोली, खुर्ची, जेवणाची सुटी, बाजारातला रस्ता. सांगताना पहिल्यांदाच त्यांना कुणाला नावं ठेवायला सुचलं नाही. मध्ये गिऱ्हाईक आलं, त्याला मुलीने नंतर या म्हणून सांगितलं.

“त्यांना माहीत होतं, तू का असं बोललीस... बोललात ते,” शेवटी ती म्हणाली. “घरी एवढंच सांगितलं होतं, पोर आहे, घाबरली. बाबा तुमच्याबद्दल कधी वाईट बोलले नाहीत.”

बाईंचे डोळे भरून आले.

“ते काम मी केलं,” मुलगी म्हणाली. “आयुष्यभर. रडायचं तर बाहेर जाऊन रडा, इथे काचा आहेत.”

मग तिने दुकानाच्या नावाचा कागद काढला, पेन पुढे ठेवलं. “लिहा. साहेबाने काय सांगितलं, तुम्ही काय बोललात, खरं काय होतं. तारीख घाला, सही करा.”

बाईंनी लिहिलं. मुलीने ते मोठ्याने वाचायला लावलं. एका ठिकाणी बाईंनी ‘दबावामुळे’ असं लिहिलं होतं, ते तिने खोडायला लावलं आणि ‘नोकरीसाठी’ लिहून घेतलं. कागदाची घडी घालून ड्रॉवरमध्ये ठेवली.

“आता जा,” ती म्हणाली.

कागद, अहवालाचं शेवटचं पान आणि एक अर्ज असं सगळं तिने परवाने देणाऱ्या कचेरीत पाठवलं. सात महिन्यांनी उत्तर आलं: सदर प्रकरण बंद झालेलं आहे. चौकातला पुतळा होता तसाच आहे. मंडळाने मेहुण्याला शिस्तभंगाबद्दल काढून टाकलं. त्याला फार वाईट वाटलं, दोन दिवस शर्ट घातला नाही. बाई खाली गेल्या आणि म्हणाल्या, “त्या नऊ गाढवांत तुमचं काय अडलंय?” सांत्वन म्हणून एवढंच त्यांना जमलं. त्याला ते पोचलं असावं, कारण संध्याकाळी तो पुन्हा उडाला.

एका रविवारी मेहुण्याचं दार वाजलं. मिस्त्रींची मुलगी उभी होती, एकटी, हातात छत्री. मेहुण्याला म्हणाली, “तो मार्ग तुमच्याकडे उडवता येतो म्हणे. मला बघायचंय.”

मेहुणा धावपळ करायला लागला. उशी झटकली, सीट सारखी केली. आत बाई बसल्या होत्या, विमान अर्ध्या वाटेवर, समुद्रावर. त्यांनी मागे पाहिलं.

“यांना बाहेर बसायला सांगा,” मुलगी मेहुण्याला म्हणाली.

मेहुण्याने बाईंकडे पाहिलं. बाई उठल्या, चष्मा घडी करून हातात घेतला आणि स्वयंपाकघरात जाऊन बसल्या. धाकटी शेंगा सोलत होती. तिने अर्ध्या शेंगा बहिणीपुढे सरकवल्या.

आतून मेहुण्याचा आवाज येत होता, “घाबरू नका, हळू ओढा... आता उजवीकडे कोपऱ्यात बघा. हा नॉब. मी दाब सांगितला की फिरवायचा.” मग बराच वेळ इंजिनाची घरघर, आणि मध्येच मुलीचा तुटक आवाज, “किती? पुन्हा सांगा.”

“शेंगा नीट सोल,” धाकटी म्हणाली. “दाणे खाली पडतायत.”

बाई वाकल्या आणि फरशीवरचे दाणे वेचायला लागल्या.